आंटींना ऐकवलेला फोन
खोबरेल तेलात केळ्याचे चिप्स तळल्याचा वास आला, की राजेंद्र नगरमधली ती दुपार आठवते. शेजारी केरळच्या नर्स आंटी राहायच्या. मोबाइलवर मी एक मल्याळम पॉलिटिकल थ्रिलर पाहिला होता, आणि त्यातल्या खलनायक मंत्र्याचा फोनवरचा डायलॉग वीसदा ऐकून पाठ केला होता. मल्याळम कळत नव्हतं, पण मतलब कोण बघतो? मिमिक्रीवाल्याला सूर सापडला की झालं! आंटी चिप्स तळत होत्या, तिथे मी दोस्ताला घेऊन गेलो. "आंटी, सुनो आपके नेताजी को," म्हणत मी मोबाइल कानाला लावला, मान तिरकी केली आणि अगदी थंड आवाजात डायलॉग मारला. माझा दोस्त ओरडला, "क्या बात है भिया!" आंटींनी गॅस बंद केला. "मालूम है, तू क्या बोला? 'तुम्हारा बेटा अब घर नहीं आएगा.' मेरी अम्मा को ऐसा ही फोन आया था. मेरा भाई पार्टी का काम करता था." घाबरून सॉरी म्हणालो, तर तेही त्याच मंत्र्याच्या आवाजात निघालं. आंटी आत निघून गेल्या. आता मी स्टेजवर खूप नेते करतो, पण आंटींना माझ्या आवाजात सॉरी म्हणायचं अजून राहिलंय.