सोप्यात दिलेला नकार

आष्ट्यात प्रियदर्शनी ढोले असं पूर्ण नाव घेतलं तर लोक जरा थांबतात, मग म्हणतात, "म्हंजी गणिताच्या बाई व्हय?" निम्म्या गावाला त्यांनी वर्गमूळ शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्याचे कान धरलेत. शिक्षणसंस्थेच्या शिक्षकांत त्यांच्याहून ज्येष्ठ आता कुणी नव्हतं. वडूजच्या शाखेतले मुख्याध्यापक निवृत्त झाले, तेव्हा ती खुर्ची कुणाची हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं.

आणि बाईंना ती खुर्ची हवी होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं सगळ्यांनी उलटंच सांगितलं. एका रविवारी विट्यावरून एसटी बदलून त्या वडूजची शाळा बघून आल्या. मुलींच्या संडासाला कडी नव्हती. पहिलं काम हेच, असं त्यांनी तिथंच ठरवलं. स्टँडजवळ भाड्याची एक खोलीही बघून ठेवली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, वडूज मिळालं तर मी जाणार हाय. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटं परत."

उदयसिंह फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जा की."

ते 'जा की' बाईंनी खरं धरलं.

आठवड्याभरात संस्थेचे सचिव भाऊसो घरी आले. आपल्याकडं बाईला बढती द्यायची तर आधी तिच्या घरच्या पुरुषाला विचारायची रीत आहे. मास्तराला बढती देताना त्याच्या बायकोला विचारायला कुणी गेल्याचं ऐकलंय का? शाळेत 'बाई' म्हणणारे भाऊसो उंबरा ओलांडला की 'वहिनी' म्हणतात. "वहिनी, चहा टाका. साखर कमी."

बाई आत गेल्या. बाहेरच्या सोप्यातून, बैठकीतून, ऊसतोडीच्या टोळीचं, कारखान्याच्या दराचं बोलणं कानावर येत होतं. मग आवाज उतरला. बाई आलं ठेचत होत्या. आपल्याच नशिबाचा फैसला चाललाय आणि आपण चहाला उकळी आणतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ट्रे घेऊन बाहेर आल्या तर दोघं गप्प. निघताना भाऊसो म्हणाले, "काळजी करू नका वहिनी, सगळं नीट मिटलं." बाईंना वाटलं, वडूज मिळालं. आनंदानं त्यांनी भाऊसोंच्या हातावर आणखी मूठभर शंकरपाळ्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेतले जयराज सर पेढे घेऊन आले. नवखे होते तेव्हा बाईंनी मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐकलेले, चुका सांगितलेल्या. जयराज पाया पडले. "बाई, तुम्ही मन मोठं केलंत."

"कसलं मन?"

"वडूज सोडलंत माझ्यासाठी. सुभेदारसाहेबांनी सांगितलं भाऊसोंना, घरच्या अडचणीमुळं बाई जाणार नाहीत म्हणून."

पेढा हातातच राहिला. "जयराज, मला एकदा विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"साहेबच म्हणाले म्हटल्यावर..." जयराजनं पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं.

संध्याकाळी बाईंनी पर्स खांद्यावरून न उतरवताच नवऱ्याला विचारलं, "तुमी काय सांगितलं भाऊसोस्नी?"

"आईला कोण बघणार, म्हणालो. खोटं हाय का?"

आतून सासूबाई, बयाबाई, काठी टेकत आल्या. "आरं उदय, माझं नाव कशाला पुढं केलंस? मला इचारलंस व्हय? तू अठरा वर्सं सरहद्दीवर हुतास, तवा मला कोण बघत हुतं? हीच की. शाळा करून, उसाला पाणी पाजून."

"तसं न्हवं, आई. लोक काय म्हणतील? सुभेदाराची बायकू परगावी खोली करून ऱ्हाती म्हणून?"

हां. आता खरं बाहेर पडलं.

"तुमीच मला 'जा की' म्हणाला हुता," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तू गमतीनं म्हणतीयास."

नकारापेक्षा हे लय लागलं. उभ्या जन्मात एकदा स्वतःसाठी काही मागितलं, आणि घरच्या माणसाला ती गंमत वाटली.

पण नियम कुणाच्या सोप्यात बसून ठरत नाहीत. ज्येष्ठ शिक्षिकेचा लेखी नकार असल्याशिवाय जयराजच्या नेमणुकीला मान्यता मिळेना. भाऊसो पुन्हा आले, कागद टाईप करूनच. "वहिनी, तेवढी सही. आणि चहा राहू द्या आज."

चहाला उठतंय कोण? बाई नवऱ्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"दर्शना, मी शब्द दिलाय," उदयसिंह हळू म्हणाले. "मला मान खाली घालाय लावू नगंस."

बाईंनी कागद वाचला. 'मी स्वखुशीने' इथं जरा थांबल्या. मग कागद आणि पेन नवऱ्यापुढं सरकवलं. "नकार तुमचा हाय. सही तुमीच करा."

भाऊसो हसले. "आवं वहिनी, त्येंची सही कशी चालंल?"

"का? त्येंचा नकार चालला की."

भाऊसोंनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि चपला शोधायला लागले. ते गेल्यावर उदयसिंह म्हणाले, "उद्या गावात कुठल्या तोंडानं फिरू मी?"

बाई वह्या तपासायला बसल्या. जयराज तात्पुरता कारभार घेऊन वडूजला गेलेत. मान्यता अडकलीय, आणि बाईंनी आपला हक्क शिक्षणाधिकाऱ्यांकडं मांडलाय. तो अर्ज करायला त्या एकट्या जिल्ह्याच्या गावी जाऊन आल्या. कुठं निघालीस, असं उदयसिंहांनी दारात विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "कामाला." आता घरात एवढंच बोलणं होतं.