बुरुजावरची पाठमोरी उडी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात दिवेआगरच्या अलीकडे, खाडीच्या मुखाशी, आमच्या गावात लाठी शिकवणारे एक वस्ताद होते. त्यांची तालीम सुपारीच्या वाडीला लागून होती आणि तालमीसमोर लक्ष्मीनारायणाचे मंदिर, ज्याची पूजा माझ्याकडे होती. पहाटे माझे सूक्तपठण आणि त्यांच्या शिष्यांच्या लाठ्यांचा खडखडाट एकमेकांना सांभाळून चालत असे. पुढे तरुण माणसे गिरण्यांकडे गेली आणि तो खडखडाट विरत विरत एका लाठीवर आला. एकट्या लाठीला आवाज नसतो.

"शिष्यच न्हाय, तर मी वस्ताद कसला, गुर्जी?" असे ते मला विचारीत. पोटापुरते भात त्यांच्या शेतात पिकत होते. चिंता एवढीच, की गुरूने दिलेली विद्या आपल्यापाशी संपेल.

अशा वेळी मुंबईची एक चित्रपट कंपनी दिघीवरून आमच्या किनाऱ्यावर उतरली. मारामारीचा पोशाखी चित्रपट होता. नायकाला लाठी धरता येत नव्हती; म्हणून ज्याला ती येत होती अशा आमच्या वस्तादांना त्यांनी दुष्टांचा सरदार केले. ही योजना मला तर्काला धरून वाटली नाही, परंतु त्यांच्या शास्त्राशी माझा परिचय नव्हता.

तो परिचय मी मंदिराच्या ओट्यावर बसून होईल तेवढा करून घेतला. कॅमेरा वाळूत खड्डा खणून बसवला होता, जेणेकरून माझ्या खांद्याला लागणारे वस्ताद आभाळाला टेकावेत. नारळाची ओली सोडणे पेटवून भर दुपारी धुके आणले. चंदेरी कागद डकवलेल्या फळ्यांवरून ऊन वळवून हनुवटीखालून वर सोडले, तेव्हा भजनात डुलणाऱ्या त्या सात्त्विक मुखावर असे क्रौर्य उमटले की मी नामस्मरण आरंभले. "लाठी सावकाश फिरवा," दिग्दर्शक म्हणाले, "वेग आम्ही घालू." जो वेग मिळवण्यात वस्तादांचे आयुष्य गेले होते, तो त्यांनी आज्ञाधारकपणे बाजूला ठेवला.

शेवटी किनाऱ्यावरच्या पडक्या बुरुजावरून त्यांना वाळूत पाठमोरी उडी घ्यायला लावली. ते उतरले, धोतर झाडले, आणि दिग्दर्शक ओट्यावर पाणी प्यायला आले.

"शास्त्रीबुवा, दर्शनाआधी घंटा कशासाठी हो?"

"चित्त एकाग्र व्हावे म्हणून."

"आम्हीही तेच करतो," ते म्हणाले. ही तुलना मला रुचली नाही. पाणी मात्र मी दिले.

पुढच्या जत्रेत तंबूत तो चित्रपट लागला. बुरुजाचा प्रसंग आला आणि सगळे आवाज थांबले. वाद्ये नाहीत, लाटासुद्धा नाहीत. त्या शांततेत वस्ताद वाळूवरून उठले आणि एका झेपेत बुरुजावर जाऊन उभे राहिले. फीत उलटी फिरवली होती. तंबूत कोणाचा श्वास ऐकू येईना. वस्तादांची पत्नी पुटपुटली, "ह्यो माणूस आमच्या घरात ऱ्हातो व्हय?" शेवटी नायकच जिंकला, पण ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत माणूस मावेना. जत्रेसाठी मुंबईहून आलेले काही गिरणीकामगार गावीच राहून शिकायला तयार झाले होते. सर्वांना बुरुजावर जायची उडी हवी होती.

"अरे, मी खाली आलो हुतो," वस्ताद म्हणाले.

"विद्या लपवू नका, वस्ताद."

त्यांनी मला साक्षीला बोलावले. मी सांगितले, की ते उतरले, हे मी प्रत्यक्ष पाहिले.

"गुर्जी, तुमचे डोळे जपात मिटलेले," एक जण हसून म्हणाला. "आमी समद्या गावानं उघड्या डोळ्यांनी बघितलंय." प्रत्यक्ष प्रमाणाचा असा पराभव मी पाठशाळेतही पाहिला नव्हता.

दुपारी वस्ताद सभामंडपात आले. "खरं सांगून झालं, कुनी मानत न्हाय. लई ताणलं तर जातील. वर चढवतो म्हणून फसवायचं, तर लाठीला हात कसा लावू?"

नैवेद्याची वेळ झाली होती. मी ताट ठेवले, बाहेर येऊन गाभाऱ्याचे दार लोटले आणि थांबलो. दर्शनाला जमलेल्यांची मंडपातली कुजबुज शमली. मग घंटा वाजवून दार उघडले. आत समईच्या उजेडात देव दिसताच लोकांचे हात आपोआप जुळले.

वस्ताद हे सर्व बघत होते. "देव तर मघापासून तिथंच हुता. मग दार कशाला लोटलंत?"

"देव होता," मी म्हणालो. "माणसे अजून पोचायची होती."

ते लाठी उचलून तालमीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बुरुजावर उभे केले. "वर जायचं मला येत न्हाय. बघितलंत ती उडी ही अशी हाय. पाठमोरे या खाली. वाळू न बघता."

काही जण निघून गेले. उरलेल्यांना पाय कुठे ठेवावा, श्वास कधी सोडावा, पाठीला डोळे कसे फुटतात, हे वाळूत पडून पडून कळू लागले. आणि लाठीचा पहिला पाठ तोच होता. पावसाळ्याच्या तोंडाशी एकाने वर जाण्याविषयी पुन्हा विचारले, तेव्हा वस्तादांच्या आधी शेजारच्यानेच त्याला गप्प केले.

'आम्हीही तेच करतो' हे दिग्दर्शकांचे वाक्य मला आजही मान्य नाही. नैवेद्याचे दार मात्र मी पूर्वीपेक्षा किंचित उशिरा उघडतो. पहाटेच्या सूक्तपठणात पुढे लाठ्यांचा इतका व्यत्यय येऊ लागला, की मला आवाज चढवावा लागे. तक्रार करावी असे कधी वाटले नाही.