डावखुऱ्याची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायलाच हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही आहात. समोर कुणी असलं की माझी जीभ कशी वळते ते मला माहीत आहे. ते तुम्हालाही कळेलच.

गोष्ट बास्केटबॉलची आहे. हसू नका — किंवा हसा, सुरुवातीला आम्हीही हसायचोच.

मी जर्मनीत, एर्लांगेनमध्ये राहतो, वैद्यकीय यंत्रांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आता बावन्न वर्षांचा आहे. सुधीरदादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. अकरा वर्षं आम्ही एकाच खोलीत समोरासमोर बसून काम केलं, मग ते रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात लागले आणि रोज गाडीने ये-जा करू लागले. तरुणपणी ते दोन वर्षं अमेरिकेत होते. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक निळी टोपी आणि एका टीमचं वेड. ती टीम सतत हरायची. दादांनी तिला सोडलं नाही, आणि मग आम्हालाही सोडू दिलं नाही.

तिकडे दर उन्हाळ्यात ड्राफ्ट असतो. म्हणजे सगळ्या टीम रांगेने नवे खेळाडू निवडतात, आणि साधारणपणे जी टीम जास्त हरली तिचा नंबर आधी लागतो. वैदेही वहिनी, म्हणजे दादांच्या बायको, म्हणायच्या, "नापासाला पहिल्या बाकावर बसवायचं, असंच ना?" तसंच. त्यामुळे आमचा नंबर कायम वरचा. आणि कुणाला घ्यावं यावर आम्ही दर जूनमध्ये एका शनिवारी दुपारी दादांच्या श्रेबरगार्टनमध्ये भांडायचो. श्रेबरगार्टन म्हणजे गावाबाहेर भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा, त्यात लाकडी खोपटं, टोमॅटोचे वाफे, आणि कुंपणापलीकडून आपल्या गवताची उंची तपासणारे शेजारी. आम्ही तिघं — दादा, मी आणि कौस्तुभ, जो इथे पीएचडी करायला आलेला पुण्याचा मुलगा. वहिनी चहा आणि साबुदाणावडे घेऊन मध्येच येऊन न्याय द्यायच्या.

दादा बोलायला लागले की सगळे त्यांच्याच मागे जायचे. म्हणून आम्ही एक नियम केला होता. वादात कुणीही कुणाचीही बाजू घ्यावी, अगदी नको असलेल्याचीही. पण खरी निवड मात्र गुपचूप चिठ्ठीवर, एका ओळीच्या कारणासह. चिठ्ठ्या पाकिटात घालून, चिकटपट्टी लावून लेबकुखनच्या, म्हणजे इथल्या नाताळच्या मसालेदार बिस्किटांच्या, एका पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि तीन वर्षांनी उघडायच्या. ज्याची निवड खरी ठरली त्याला वर्षभर ती निळी टोपी.

आणि चिठ्ठ्या मी लिहायचो. सगळ्यांच्या. कारण दादांचं अक्षर कुणालाच लागत नसे. अकरा वर्षं त्यांचा फळा वाचून फक्त मला लागायचं. तेव्हा एकेकाने खोपटाच्या मागे यायचं, माझ्या कानात सांगायचं, मी लिहायचं. डबाही माझ्याच घरी, तळघरात. का? "मिलिंद म्हणजे आपला नोटार आहे," दादा म्हणायचे. इथे नोटारपुढे सही झाली की तिच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

आता त्या वर्षाचं सांगतो. दोन नावांवर भांडण होतं. एक सात फुटी पोरगा, ज्याच्यावर सगळ्या जगाचा डोळा. दुसरा एक किरकोळ, डावखुरा, ज्याचं नाव उच्चारल्यावर कौस्तुभ इथल्या लोकांच्या धाटणीत म्हणाला, "आल्झो, काका, ह्याला घेण्यापेक्षा बॉलच विकत घेऊ ना." मी तासभर सात फुट्याची वकिली केली. तक्ते छापून नेले होते. दादा नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी भांडले, कुणालाच थांग लागू दिला नाही. मग ते खोपटामागे आले, झुडपावरचं एक लाल करंट, ते बारीक आंबट फळ, तोंडात टाकलं आणि हळूच म्हणाले, "डावखुरा. लिही — चूक झाली की तो दुसऱ्याकडे बघत नाही." मी लिहिलं. मग माझी चिठ्ठी लिहिली, सात फुटी.

टीमने सात फुट्यालाच घेतलं. आणि तीन वर्षांत तो गुडघा धरून बाकावर बसला, आणि दुसऱ्या कुठल्या टीमने उचललेला तो डावखुरा — जाऊ द्या. आज त्याचे शर्ट घालून इथल्या शाळेतली मुलं फिरतात.

त्याच तीन वर्षांमध्ये कधीतरी, करंट तोडता तोडता, दादांनी मला दुसरी एक गोष्ट सांगितली होती. साताऱ्याला त्यांचे वडील होते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी दादांना अदबीने विचारलं, "आपण कुठले?" दादा ते सांगताना हसले. मग म्हणाले, "आमच्या घराण्यात हे बाप्यांकडून येतं रे. आजोबांनाही होतं. मी रोज सकाळी स्वतःला सगळ्या पुतण्यांची नावं विचारतो." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला सगळं माहीत होतं.

डबा उघडायचा शनिवार आला. त्या वसंतात ऑफिसात ग्रुपप्रमुखाची जागा निघाली होती आणि मी ज्याला काम शिकवलं त्याला ती मिळाली. घरी मी सांगितलं नव्हतं. हे का सांगतोय? तुम्ही थोडं नरमावं म्हणून? बहुधा हो. ते सोडून द्या. सकाळी मी तळघरातून डबा वर आणला, पाकिटं नीट आहेत का बघायला. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. घरात कुणी नव्हतं. तोच चौकटीचा वहीकागद ड्रॉवरमध्ये होता, तेच पेन. माझंच अक्षर. किती वेळ लागला असेल? चहा गार व्हायच्या आत झालं. दादांच्या नावाखाली सात फुटी. माझ्या नावाखाली डावखुरा. आणि कारण? दुसरं कारण सुचेना, म्हणून त्यांचंच वाक्य माझ्या नावाखाली लिहिलं. जुन्या चिठ्ठ्या फाडून निळ्या डब्यात टाकल्या, कागदाच्या कचऱ्यात. पाकिटांची जुनी चिकटपट्टी सोलून वेगळ्या कचऱ्यात टाकली, नवी लावली. इतका नियमाने वागलो मी त्या सकाळी.

दुपारी पाकिटं कौस्तुभने उघडली. त्याने माझी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही? तुम्ही तर तासभर त्या उंटाची बाजू घेत होतात." मी म्हणालो, "वकिली होती ती." वहिनी म्हणाल्या, "पण वाक्य काय सुरेख लिहिलंय भावजी. चूक झाली की दुसऱ्याकडे बघत नाही."

 दादांनी स्वतःची चिठ्ठी मागून घेतली, चष्मा वर केला, ती पुन्हा पुन्हा वाचली.

"मी डावखुरा म्हणालो होतो रे," ते मला म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. खात्री करून घेत होते.

इथे थांबता आलं असतं. इथे हसून म्हणता आलं असतं की दादा, गंमत केली. चिठ्ठी बदलणं हे तोवर पोरकट होतं, चीड यावी इतकंच. पण कौस्तुभ बघत होता. वहिनी बघत होत्या. आणि मी म्हणालो, "नाही दादा. तुम्ही सात फुटी म्हणालात. मला नीट आठवतंय."

त्यांनी चिठ्ठी पाकिटात परत घातली. मग म्हणाले, "असेल. असेल. तू लिहिलंयस म्हणजे असेल." आणि उठून त्यांनी ती निळी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. घट्ट बसत नव्हती, म्हणून मागचा पट्टाही त्यांनीच ओढून दिला.

पुढचं सावकाश झालं. त्यांनी खिशात वही ठेवायला सुरुवात केली. फोनवर काही सांगितलं की म्हणायचे, "थांब, लिहून घेतो." आमच्या गप्पांत कुणी जुना सामना काढला की पूर्वी दादा आकडे फेकायचे, आता म्हणायचे, "मिलिंदला विचारा, त्याला आठवतं." सप्टेंबरात त्यांनी गाडी चालवणं बंद केलं. रेगेन्सबर्गला रेल्वेने जायला लागले. ज्यांना आउटोबानवर, इथल्या महामार्गावर, गाणी म्हणत गाडी चालवण्याइतकं दुसरं सुख नव्हतं ते.

हाउसआर्ट्झने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, त्यांना मेंदूच्या तपासणीला पाठवलं. वहिनींची शिफ्ट होती, तेव्हा सोबत मी गेलो. बाहेरच्या खोलीत मी तासभर बसलो. आत ते घड्याळाचं चित्र काढत होते, उलटे आकडे मोजत होते. बाहेर आले तेव्हा हातात कागद होता — काहीही आढळलं नाही. वयाच्या मानाने उत्तम. मी म्हणालो, "बघा. उगाच काळजी करत होता." बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो. बस यायला नऊ मिनिटं होती, फलकावर दिसत होतं. दादा कागदाची घडी करत म्हणाले, "डॉक्टरला काय रे. त्याला चिठ्ठीचं कुठे ठाऊक आहे."

नऊ मिनिटं. मग आठ. मी त्या फलकाकडे बघत राहिलो. बस आली.

पुढच्या वसंतात त्यांनी बाग सोडल्याचं पत्र दिलं. खोपटात गॅसची शेगडी होती. "चालू राहिली तर? शेजाऱ्यांची लाकडी खोपटी आहेत सगळी." टोमॅटोची रोपं त्यांनी माझ्याकडे आणून दिली, बादलीत घालून, बसने. त्या जूनमध्ये आम्ही कुणाला घ्यावं यावर भांडलो नाही. कौस्तुभने माझ्या बाल्कनीत विषय काढून पाहिला. दादा म्हणाले, "तुम्ही ठरवा. मी ऐकतो." कौस्तुभने माझ्याकडे पाहिलं. मी वडे आणायला आत गेलो.

फेब्रुवारीत दादा गेले. हृदय. घरीच, सकाळी, बूट घालताना. शेवटपर्यंत त्यांना प्रत्येक पुतण्याचं नाव आठवत होतं. हे वहिनींनी मला सांगितलं, आश्चर्याने. "उगाचच घाबरले हो शेवटची दीड-दोन वर्षं."

महिन्याने वहिनींनी मला घरी बोलावलं. टेबलावर ती खिशातली वही होती. "भावजी, मला त्यांचं अक्षर लागत नाही. तुम्हालाच लागतं. वाचून दाखवाल?" त्यांनी चहा ठेवला आणि समोर बसल्या, हात मांडीवर.

मी वाचत गेलो. डॉक्टरची तारीख. वहिनींच्या वाढदिवसाला काय घ्यायचं, आणि खाली तेच पुन्हा, विसरू नये म्हणून. पुतण्यांची नावं, सोळा वेळा. वहिनी मध्ये मध्ये हसत होत्या, डोळे पुसत होत्या. वहीचं पहिलं पान चिकटलेलं होतं, ते शेवटी सुटलं. तारीख त्या शनिवारची. वर वाकडंतिकडं लिहिलं होतं:

"मी डावखुरा म्हणालो होतो असं वाटतं. मिलिंद नाही म्हणतो. त्याची आठवण पक्की. त्याच्या चिठ्ठीतलं वाक्यही मला माझंच वाटलं. हे वाईट लक्षण. आजपासून सगळं लिहायचं."

"काय आहे?" वहिनींनी विचारलं.

मी म्हणालो, "टोमॅटोंना पाणी. ऊन चांगलं आहे."

त्या म्हणाल्या, "हो, त्या वर्षी छान आले होते." आणि मग, मी निघताना, दारात — "तुमचा फार आधार होता त्यांना."

मी मान हलवली. हो म्हणून.

वही त्यांच्या कपाटात आहे. ते पान वाचता येईल असं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. टोपी माझ्याकडे आहे, दाराजवळच्या खुंटीवर. मुलगी कधीतरी जर्मनमध्ये विचारते, ही कुणाची, आणि मी म्हणतो, जिंकलो होतो.

जुनी चिठ्ठी आता नाही. त्या दिवशी खोपटामागे उभं राहून मी जे लिहून घेतलं होतं, ते इथे परत लिहितो, माझ्याच अक्षरात, जसं त्यांनी सांगितलं तसं.

सुधीरदादा. डावखुरा. चूक झाली की तो दुसऱ्याकडे बघत नाही.