शिबिरासाठी मागितलेला आडोसा

शहाद्यातल्या मुलींच्या शाळेत मी खेळ शिकवते. उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की सातपुड्याच्या पायथ्याशी, एका लहानशा तलावाच्या काठी, मुलींचं शिबिर भरवते. जागा एका शेतकऱ्याची, वर मोहाची जुनी झाडं. खालच्या केळी-उसाच्या गावांतल्या मुली येतात, वरच्या पाड्यांवरच्याही येतात. तंबू ठोकायचा, पोहायचं, डोंगर चढायचा, चुलीवर स्वतः रांधून खायचं. हे शिबिर मी सुरू केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला जे काही वाटलं ते सगळं त्यातूनच आलं.

देणग्या मागायचं कामही माझ्याकडेच होतं. जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, खत-बियाण्यांची दुकानं, सगळ्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. लोक देत नव्हते असं नाही. कोणी गहू, कोणी ताडपत्री, कोणी शेवटच्या दिवशी जिलेबी. पण शिबिराला खरी गरज होती पक्क्या न्हाणीघरांची आणि संडासांची, आणि तिथे घोडं अडायचं. मी ‘मूलभूत सुविधा’ म्हणायचे. समोरचा मान डोलवायचा आणि पुन्हा जिलेबीवर यायचा. एका व्यापाऱ्याने तर विचारलं, वडिलांच्या नावाची पाटी अशा जागी लावायची तरी कशी. 

त्या सुमारास शाळेत विज्ञान शिकवायला एक नवी शिक्षिका आली. तिशीही न गाठलेली, शिरपूरकडची. मुख्याध्यापिकांनी तिला मदतीला म्हणून माझ्यासोबत शिबिराला धाडलं. तिला पोहता येत नव्हतं. तिने ठोकलेला तंबू पहिल्याच वाऱ्यात आडवा झाला, आणि ती त्याच्याखालून हसत बाहेर आली. मुलीही हसल्या. दोन-तीन दिवसांत त्या तिला ‘ताई’ म्हणायला लागल्या. मी इतकी वर्षं ‘मॅडम’ होते आणि मला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. दुपारी मोहाखाली तिच्याभोवती मुलींचा घोळका आणि मी एकटी दोऱ्या गुंडाळत बसलेली, असं रोज व्हायला लागलं. दोऱ्या गुंडाळायला हाक मारली की मुली लगेच यायच्या, पण हाक मारावी लागायची.

ती घरच्यासारखी अहिराणी बोलायची, शाळेतसुद्धा. माझ्या आईचीही भाषा तीच. पण डी.एड.ला असताना मी ती घासूनपुसून काढली होती, आणि माझं शुद्ध मराठी हा माझा दागिना होता.

हिवाळ्यात तिने कल्पना काढली की सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराजवळ, मुलींना घेऊन उभं राहायचं. मुली तंबू ठोकून दाखवतील, गाठी मारून दाखवतील, आणि आपण लोकांकडे मागू. मुख्याध्यापिकांनी माझं मत विचारलं. गर्दी, धूळ, दारू प्यालेले लोक, मुलींना तिथे न्यायचं नाही, असं मी सांगितलं. कारणं खोटी नव्हती. पण ती कल्पना मला सुचली असती तर हीच कारणं मी पदराआड केली असती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही दोघी सोबत जा.

गेलो. मुलींनी तंबू झकास उभा केला. लोक थांबले. लाउडस्पीकरचा माईक मी घेतला, मान माझा होता. मुलींचा सर्वांगीण विकास, निसर्गाचं सान्निध्य, मूलभूत सुविधांचा अभाव, असं सगळं व्यवस्थित बोलले. लोकांनी ऐकलं आणि पाळण्यांकडे निघून गेले.

मग तिने माईक मागितला. तिने भाषण केलंच नाही. ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

“आम्हना पोरीस्ले संडासले जावाले जागा नही शे,” ती म्हणाली. “दिन बुडानी वाट दखतस. तोवर पानी बी पेतस नही. तुमना घरनी पोर ऱ्हाती ते चालतं का?”

माझे कान तापले. भर यात्रेत, पुरुषांच्या घोळक्यासमोर, तिने तो शब्द तसाच उच्चारला होता. मोठ्या मुलींनी माना खाली घातल्या. कोणी हसलं नाही. समोर एक म्हातारा घोडेवाला उभा होता, गुजरातच्या बाजूचा, डोक्याला भलं मोठं पागोटं.  तो पुढे येऊन म्हणाला, “मन्ही घोडीले बी मी कनात लावस. ह्या ते पोरी शेतस.” आणि खिशातून नोटा काढून न मोजताच तिच्या हातात दिल्या. त्याच्यामागून दुसरा आला, मग बायका आल्या. एकीने चोळीतली पुरचुंडी सोडली. वडिलांच्या पाटीची काळजी करणारा व्यापारीही तिथे कुठेतरी होता. त्याने सिमेंट द्यायचं कबूल केलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, नाही म्हणत नाही.  पण इतकी वर्षं मी जे मागत होते तेच तिने मागितलं, आणि तिला मिळालं. पेपरात फोटो आला, त्यात ती मधोमध आणि माझा फक्त खांदा. घरी नवऱ्याने फोटो पाहून विचारलं, ही कोण. मी सांगितलं, मदतनीस आहे.

बांधकाम मात्र मी करवून घेतलं. गवंड्यामागे उभी राहिले, सांडपाण्याचा पाइप तलावापासून लांब वळवला, दारांना आतून कड्या बसवल्या. रविवारी रविवारी एसटीने जायचे आणि उन्हात उभी राहायचे. ते कोणाला दिसलं नाही याचंही मला दुःख होतं. ती एकदा डबा घेऊन आली आणि कड्या लावून पाहत म्हणाली, किती नीट बसल्यात. मी म्हटलं, बसणारच. 

सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. वरच्या एका पाड्यावर एक आई होती. ऊसतोडीवरून परतली की दरवर्षी मी तिच्या घरी जायचे, तिच्या लेकीला शिबिराला पाठवा म्हणून. ती पावरी, तिकडची आदिवासी बोली, बोलायची. मला कळायचं नाही, पण तिचा नकार कळायचा. पोरगी झाडावर खारीसारखी चढायची, ती हातची जाते याची मला हळहळ होती. त्या वर्षी ताई तिथे गेली, मोबाइलवर न्हाणीघरांचे फोटो दाखवून आली. शिबिराच्या पहिल्या दिवशी ती आई डोंगर उतरून लेकीला घेऊन हजर. तिने आधी न्हाणीघरात जाऊन कडी लावून पाहिली. बाहेर येऊन मुलीचा हात ताईच्या हातात दिला. मी दोन पावलांवर उभी होते. माझ्याकडे पाहून ती ओळखीचं हसली, इतकंच.

ती पोरगी दोन दिवसांत पोहायला शिकली. मीच शिकवलं. पाण्यात तिच्या पोटाखाली हात धरताना मला बाकी सगळ्याचा विसर पडायचा. काठावर आले की पुन्हा सुरू.

पुढच्या शैक्षणिक वर्षात ताईने जळगावकडे नोकरी धरली, नवरा तिकडे होता. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या. मला मोकळं वाटलं. डिसेंबरात सारंगखेड्याला मी एकटीच मुलींना घेऊन गेले. चारचौघांनी पहिलं हेच विचारलं, “त्या ताई उनात नही का?” मी नाही म्हटलं आणि माईक घेतला. आईची भाषा तोंडात नीट बसत नव्हती. मध्येच शुद्ध मराठी यायचं, लोक गालात हसायचे. तरी बोलले, जे हवं ते नाव घेऊन बोलले. तिच्याएवढं जमलं नाही. पण पाण्याची टाकी आणि सौरदिव्यांपुरतं मिळालं. रात्री मी तिला फोन करून सांगितलं. ती इतकी खूश झाली की मला तिचा रागही धड धरता येईना.

त्या उन्हाळ्यात शेवटच्या संध्याकाळी मुलींनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. त्यात तलाव होता, मोह होता, करपलेली खिचडी होती. माझ्यावर एक कडवं होतं, माझ्या शिट्टीवर. ताई तिथे नव्हती, तरी तिच्यावर दोन. पाड्यावरची ती पोरगी सगळ्यांत वरच्या पट्टीत गात होती. तिसऱ्या वेळी ध्रुपद आलं तेव्हा मीही टाळ्या वाजवत गायले, आणि ताईच्या कडव्याला माझा आवाज जरा बारीक झाला.