साखळीवरची वाकळ

परवा सकाळी अंगणात सडा टाकत होते, तर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. ओळखीचा नव्हता. ताडकळसचा ड्रायव्हर आहे म्हणाला, सेलूला कापूस घेऊन निघालेली त्याची लारी देवगाव फाट्याच्या अलीकडं खड्ड्यात उतरली होती. “माणिकराव हायत का घरी? फाट्यावर लोकं म्हनले, त्येंचा ट्रॅक्टर आला की काम झालं समजा.” मी हातातली बादली खाली ठेवली. माझ्या धाकट्या दिराला जाऊन महिना उलटून गेला, तेरावा झाला, पाहुणे परतले, तरी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं ना! “माणिकराव वारले बाबा,” एवढंच मी म्हणाले. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. “आन् मी येड्यासारका लारी काढायला बोलवायलोय... माफ करा माय,” म्हणाला आणि तिथंच पायरीवर खाली बसला. जायचं तरी कुठं त्यानं? आसपासच्या गावांत दुसरा ट्रॅक्टर नाही.

वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्या तुम्हा मंडळींनी आमच्याकडची काळी माती पाहिली असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. कोरडी असली की दगड, आणि एक सर पडली की लोणी. रस्ता मुरमाचा, अरुंद, दोन्ही अंगांना खोल खड्डे. समोरून बैलगाडी आली म्हणून लारीनं जरा अंग चोरलं की चाक गेलंच खाली. निजामाचं राज्य गेलं, मोटारी वाढल्या, कापूस बैलगाडीतून लारीत गेला, पण रस्ता होता तोच राहिला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माणिक भावजी एवढेसे होते. सासूबाई वर्षभरापूर्वीच गेलेल्या. पोर रात्री झोपायचं नाही, उठून बसायचं. शेवटी सासूबाईंची जुनी लुगडी पेटीतून काढली, त्यांत माझं एक निळं घातलं आणि चांगली जाड वाकळ शिवली. त्या दिवसापासून गडी निवांत झोपायला लागला. उन्हाळ्यातसुद्धा ती सोडायचा नाही. मी चिडवायची, “नवरी आली की तिला काय सांगनार, ही माझी पहिली बायको म्हनून?” तर म्हणायचे, “वैनी, नवरीला तुमी दुसरी शिवा. ही माझी.” मला मूलबाळ झालं नाही. ज्याला मोठं केलं तो हाच. एवढं सांगितलं की पुढचं सगळं तुम्हाला कळेल.

ट्रॅक्टर घ्यायचा हट्टही त्यांचाच. आमच्या यांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला, ते लोखंडाचं धूड मुळीच पसंत नव्हतं. बैलांत वाढलेला माणूस! “बैलाला नावानं हाक मारली की कळतं. ह्येला काय कळतंय?” असं म्हणून हे पाठ फिरवायचे. ट्रॅक्टर आला त्या दिवशी सगळं गाव लोटलं, नारळ फुटला, बायांनी चाकांना हळदकुंकू लावलं, आणि हे मात्र गोठ्यात बैलांच्या अंगावरून हात फिरवत बसले होते. पुढं भावजींनी गोडीगुलाबीनं यांना शेतात सरळ रेघेत नांगराचे तास काढण्याइतपत चालवायला शिकवलं, तेवढंच.

लारी ओढून काढायचं काम भावजींच्या गळ्यात कसं पडलं ते आता आठवत नाही, पण पडलं ते पडलंच. कुणीही हाका मारत यायचं आणि भावजी भाकरी अर्धी टाकून उठायचे. मात्र तिथं पोचल्यावर या माणसाला कसली घाई नसे. लोक अगदी वैतागून जात. एकदा मी माहेरून, सेलूहून येत होते, तर वाटेत हेच चाललेलं. लारी कापसानं गच्च भरलेली, एका कुशीवर कललेली, व्यापारी डोक्याला हात लावून बसलेला, आणि आमचे भावजी म्हणतात, “आधी ओझं उतरवा.” सगळे बोजे उतरवायला लावले. मग चाकांपुढची माती उकरून उतार केला, त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरल्या. साखळी ट्रॅक्टरच्या मागं अगदी खालच्या दांडीला अडकवली. कुणीतरी म्हणालं, वर चाकांच्या आसाला बांधा की, जोर चांगला लागंल. तर म्हणाले, “वर बांधली तर जोर लारीला लागत न्हाई, ट्रॅक्टरच पुढून उभा ऱ्हातो अन् मागं उलटतो. खाली कोन? मी.” मग साऱ्या बघ्यांना लांब बांधावर हाकललं. “माणिकरावाचं लगीन लागंल, पर लारी निघायची न्हाई,” असं म्हणून लोक हसत होते. ते आपल्याच नादात. शेवटी ट्रॅक्टरवरून काहीतरी गुंडाळी काढली, खड्ड्यातल्या पाण्यात बुचकळली आणि ओलीचिंब तशी साखळीच्या मधोमध टाकली. मी बैलगाडीतून बघतेय तर काय... माझी वाकळ!

काय संताप झाला म्हणून सांगू! घरी आल्यावर तोंडाचा पट्टा सोडला. आईच्या लुगड्याची वाकळ आणि चिखलात? लाज नाही वाटली? पोतं मिळालं नाही का घरात? सगळं बोलून झालं तोवर खाली मान घालून उभे होते. मग म्हणाले, “पोतं हलकं पडतं वैनी. मी बांधाच्या कामावर साखळी तुटताना बघितलीय. तुटली की ती चाबकावानी येती. गडी लांब हुबा होता, तरी त्येच्या कपाळावर बसली... जाग्यावर गेला. ओली वाकळ वर असली की साखळी उडत न्हाई, खाली पडती. आईची हाय म्हनूनच घेतली. हिच्याएवढं जड दुसरं काय न्हाई घरात.” त्या दिवसापासून प्रत्येक लारीनंतर ती वाकळ धुणं हे माझं काम झालं. ओढ्यावर आपटून आपटून धुवायची, वळणीवर वाळत टाकायची, आणि धुताना त्यांच्या नावानं बडबडायची. आता वाटतं, आयुष्यभर बडबडत धुतली असती.

दसऱ्यानंतर अवकाळी पाऊस झाला तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशीपासून भावजींच्या पोटात कळ येत होती. ओवा झाला, शेक झाला, गावच्या वैद्याची पुडी झाली. सकाळी अंग तव्यासारखं तापलं आणि पोटाला हात लावू देईनात. फाट्यावरून एक लारी सेलूला निघाली होती, ती यांनी हातापाया पडून घरापर्यंत आणली. दुपारच्या आगगाडीनं सेलूहून परभणीला न्यायचं, मोठ्या दवाखान्यात, असं ठरलं. ती गाडी गाठायची, एवढं एकच डोक्यात. भावजींना हुडहुडी भरली होती. मी वळणीवरची वाकळ ओढली, त्यांच्या अंगावर घातली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन लारीत बसले.

गाव सोडून थोडंसं गेलो असू, तर समोरून मेंढरांचा कळप आला. ड्रायव्हरनं बाजू दिली, आणि मला कळायच्या आत लारी कलली. मी भावजींना घट्ट धरलं. मागचं चाक आसापर्यंत चिखलात... ज्या माणसानं सगळ्या मुलखाच्या लाऱ्या काढल्या, तो स्वतः फसलेल्या लारीत पडला होता, आणि त्याला काढणारा दुसरा कुणी नव्हता. “दादा, ट्रॅक्टर आना,” भावजीच म्हणाले. हे पळत सुटले. परत आले ते ट्रॅक्टरवर बसून, रडकुंडीला आलेले.

भावजींनी पहिल्यांदा काय सांगितलं असेल? “आधी ओझं उतरवा.” म्हणजे स्वतःलाच. आम्ही चौघांनी त्यांना उचलून दूर बांधावर, बाभळीखाली निजवलं. तिथून ते एकेक सांगत होते आणि मेंढरांमागची माणसं, वाटसरू, सगळे ऐकत होते. माती उकरली, पऱ्हाट्या घातल्या, साखळी खालच्या दांडीला लावली. ड्रायव्हर चाक वळवायला लारीत बसला. मग भावजी माझ्याकडं बघून म्हणाले, “वैनी, वाकळ द्या.”

मी नाही म्हणाले. त्यांचे दात वाजत होते हो! म्हटलं, “तुमाला थंडी वाजायलीय, आज ऱ्हाऊ द्या, एक दिवस चालतंय.” तर त्यांनी स्वतःच अंगावरून ती ओढायला सुरुवात केली, हातात बळ नसताना. “ड्रायव्हर काचंमागं बसलाय. त्येची आई त्येची वाट बघती आसंल...” काय करणार मी? काढून दिली. कुणीतरी ती पाण्यात बुचकळून साखळीवर टाकली. मी पदर पसरून त्यांच्या अंगावर घातला. लुगड्याच्या पदरानं कुठं हुडहुडी थांबते?

“दादा, दमानं. हिसका न्हाई द्यायचा,” ते सारखं म्हणत होते, पण आवाज बांधापलीकडं जात नव्हता. मी ओरडून सांगितलं. यांनी मान हलवली. पण जन्मभर या माणसानं रुतलेल्या गाड्या बैलांनीच काढल्या. बैलांची रीत ठाऊक आहे ना? चार माणसं चाकांना खांदे लावतात, एकदम आरोळी ठोकतात, बैल एकाच झटक्यात झेप घेतात आणि गाडी बाहेर. हिसका हेच सारं बळ. यांनी पहिल्यांदा हळू ओढलं. लारी हलली, परत बसली. पुन्हा हललीशी वाटली. इकडं भाऊ तडफडतोय, तिकडं गाडीची वेळ होतेय... आणि यांच्या तोंडून तीच आरोळी बाहेर पडली, बैलांची, आणि ट्रॅक्टर झेपावला.

बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. साखळी तुटली, उठली, आणि वाकळीला घेऊन लारीच्या पुढ्यात धपकन चिखलात पडली. काचेला साधा ओरखडासुद्धा नाही. हे ट्रॅक्टरवरून उतरले आणि तिथंच चिखलात मटकन बसले. भावजींनी विचारलं, “कुनाला लागलं?” मी म्हटलं, कुणालाच नाही. त्यांनी डोळे मिटले.

दुसरी साखळी घरी होती. ती आणायला माणूस गेला. तेवढा वेळ आम्ही बाभळीखाली बसून होतो आणि करण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं. बैलगाडी जुंपावी तर सेलूला पोचायला दिवस मावळेल. उचलून न्यावं तर हलवलं की त्यांचा जीव जातोय. मी देवांची नावं घेतली, नवस बोलले, मग देवालाच शिव्या दिल्या. साखळी आली. ती फाटकी ओली वाकळ पुन्हा वर टाकली. या खेपेला हे इतके दमानं निघाले की चाक फिरतंय का नाही कळेना. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. माझ्या मांडीवरून भावजी तो ऐकत होते. “आत्ता बरूबर,” म्हणाले. लारी वर आली. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही.

सेलूला पोचलो तेव्हा दुपारची गाडी निघून गेलेली. तिथल्या डॉक्टरांनी पोट बघितलं, सुई दिली, आणि परभणीला न्या एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर बसलो. सिग्नल पडला तेव्हा माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं. हे म्हणत होते, “माणिक, गाडी आली बघ... ऊठ, गाडी आली.” मी यांना कसं सांगावं?

त्या दिवसापासून यांनी ट्रॅक्टरला हात लावला नाही. जेवतात, शेतात जातात, येतात. रात्री कधीतरी उठून बसतात, लहानपणी भावजी बसायचे तसे. मी एकदा म्हटलं, अहो, आजार आतला होता, आदल्या दिवशीच नेलं असतं तरी काय सांगावं... तर म्हणाले, “गाडी गाठली असती.” वाकळ मी पेटीत ठेवून दिली होती, मधोमध फाटलेली, न धुता. तिला चिखलाचाच वास येतो. कधी उघडून नाक लावलं तर त्याखाली भावजींचाही येतो, निदान मला तसं वाटतं.

तर तो ताडकळसचा ड्रायव्हर पायरीवर बसला होता. मी त्याला चहा दिला. हे गोठ्यातून आले, त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग आत येऊन माझ्याकडं न बघता म्हणाले, “वाकळ दे.” मला वाटलं, पेटीवर बसून राहावं, हलूच नये. धुतली की वास जाणार, चिखलात गेली की गेलीच ती. पण बाहेर कुणाच्या तरी आईचा मुलगा लारीत काचेमागं बसणार होता. मागच्या वेळी दिली तेव्हा ती कुडकुडणाऱ्या अंगावरून काढावी लागली. या वेळी पेटीतून काढायची होती. मी स्वतः ती हौदात बुडवली आणि दिली.

संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात आला. यांनी वाकळ वळणीवर टाकली. तिच्यातून काळं पाणी खाली गळत होतं. मी पाणी दिलं. तांब्या हातात धरून हे वळणीकडं बघत राहिले.

“हिसका न्हाई दिला गं,” म्हणाले, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, पोरासारखे, हमसून हमसून रडले.