व्याह्यांच्या हातची चरबी

मेंढीच्या शेपटाची उकडलेली चरबी मला लहानपणापासून बघवत नाही. पांढरीफटक, ओशट, खाणाऱ्याच्या हनुवटीवरून ओघळणारी. आमच्या अख्ख्या गावात हे बोलून दाखवणारी मी एकटीच, म्हणून माझं डोकं फिरलंय असं सगळे समजतात. माझा धाकटा भाऊ तुर्सुनगाली मात्र गावाचा लाडका. धान्याचा ट्रक चालवायचा, कुणाच्याही अडीनडीला धावायचा आणि पुढे आलेल्या ताटाला कधी नाही म्हणायचा नाही.

आमचे वडील अशाच एका जेवणावळीत झटका येऊन गेले. लोक म्हणाले, "नशीबवान माणूस, भरल्या पोटी गेला." मी बाहेर जाऊन थुंकले.

तुर्सुनगालीचा रक्तदाब तपासला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मीठ कमी, चरबी कमी, गोळी रोज. काही दुखत नसलं तरी रोज. हा मात्र डोकं ठणकलं तरच गोळी घ्यायचा. एरवी घोड्याच्या मांसाचं खारवलेलं सॉसेज चघळत मलाच सुनवायचा, "आपा, मला काय धाड भरलीय? घोड्यासारखा आहे मी."

"घोड्याचं काय होतं ते तुझ्याच ताटात आहे," मी म्हणायचे. तो खो खो हसायचा आणि वर आणखी एक तुकडा तोंडात टाकायचा!

मग त्याच्या मुलीची, अक्मारलची, सोयरीक ठरली. आमच्यात व्याही आपल्या हाताने चरबी आणि कलेजी भरवतात, तेव्हा कुठे नातं पक्कं होतं. मी त्याला म्हटलं, "नखाएवढा तुकडा घे, ओठाला लाव, झालं."

"आणि तोंड फिरवलं म्हणून पोरीला सासरी जन्मभर टोमणे? आपा, तू नको शिकवूस. मी केलीय सोय."

कसली सोय ते तेव्हा कळलं असतं तर मी त्याला खोलीत कोंडून घातलं असतं.

व्याही आले. ओराझबेक नावाचा तो आडदांड माणूस कोपरापर्यंत बाह्या सारून उठला. "उघडा तोंड, व्याहीबुवा! मोठं उघडा!" म्हणत त्याने मूठभर चरबी भावाच्या तोंडात कोंबली. बायका खिदळल्या, कुणी उरलेली चरबी त्याच्या गालाला फासली. तुर्सुनगाली गाल फुगवून, मिठी मारायला म्हणून उभा राहिला, पांढरा पडला आणि धाडकन ताटांवर आडवा झाला.

"प्रेशर चढलं! गोळी द्या, गोळी!" एकदम चार-पाच हात खिशात गेले. सगळ्यांच्या खिशात रक्तदाबाची गोळी आणि सगळ्यांच्या बोटांना चरबी. किळस वाटते मला या माणसांची!

तेवढ्यात भावजय बालझान किंचाळली, "नका देऊ! सकाळी अख्खी पट्टी गिळलीय त्यांनी! म्हणाले, आज जास्त खायचंय, तर गोळ्या आधीच घेऊन ठेवतो!"

मी लोकांना ढकलून पुढे झाले. त्याचा श्वास घरघरत होता. तोंडात बोट घालून चरबीचा तो अख्खा गोळा बाहेर ओढला, हात झग्याला पुसला आणि त्याला कुशीवर वळवला. रक्तदाब चढला नव्हता, पार तळाला गेला होता. गाडीत घालून इस्पितळात नेईपर्यंत तो जगतो की मरतो, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

जगला. रक्तदाब पुन्हा चढायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाई गोळी घेऊन आल्या. "रोज एक. उद्याची आज नाही आणि आजची उद्या नाही."

त्याने गोळीकडे बघितलंसुद्धा नाही. मरता मरता वाचलेला माणूस, पोरीचं नाही, बायकोचं नाही, मला हळूच काय विचारतो तर, "आपा, ती चरबी... मी गिळली ना? सगळ्यांसमोर बाहेर नाही ना पडली?"

थोबाडीत द्यावीशी वाटली. पण खरं सांगितलं असतं, तर हा भिंतीकडे तोंड करून पडला असता आणि गोळीला शिवलाही नसता.

"गिळलीस," मी म्हटलं. "ओराझबेक सगळीकडे सांगत सुटलाय. म्हणतो, असा व्याही मिळायला भाग्य लागतं."

त्याचा चेहरा खुलला. डॉक्टरीणबाईंपुढे त्याने मोठ्ठा आ केला. मला त्याची शिसारी आली आणि त्याहून जास्त माझी.