डायलचा काळा फोन

"काऊन पायजे?" पंजा उघडून मनगटाला एक झटका द्यायचा आणि गिऱ्हाइकाला आधी कशाला हवंय हे विचारायचं, ही दुकानदाराची सलामी. देवळीच्या बसस्टँडमागे त्याचं जुन्या सामानाचं दुकान. तिथं तुम्ही साधा कंदील घ्यायला गेलात, तरी चोरी करायला आल्यासारखं वाटायचं.

मीही भोळा नव्हतो. शाळेत विज्ञान शिकवताना मुलांच्या सबबी ऐकून विश्वास ठेवायची सवयच गेली होती. त्यातून गल्ल्याशेजारी त्याची बायको बसायची आणि गिऱ्हाइकानं वस्तू उचलली की दोघांचे हात भराभर चालायचे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात ना, तसलंच हे, फक्त रुमालाशिवाय. आपल्याला कापायचा बेत चाललाय, हे मी पक्कं धरलं.

डायलचा काळा फोन तिथंच दिसला. तो जुना आहे की जुना केलेला, याचीही मला शंका. मी तो उलटा करून स्क्रू पाहू लागलो.

"काय शोधून राह्यले, सर?"

"खरा आहे का, बघतोय."

"आमी खरे हाव का, तेच पाहून राह्यले तुमी." मग बायकोकडे वळून म्हणाला, "तिले आयकू येत नाई. हातानं बोलतो आमी."

ओशाळलो. मी शिकवायला लागलो. फोनचा शोध लावणारा बहिऱ्या मुलांचा मास्तर होता, त्याच्या आईला आणि बायकोलाही ऐकू येत नसे, असं सांगितलं. त्यानं ते लगेच हातांनी तिला सांगितलं. ती खुलली, फोन जवळ ओढून पदरानं पुसू लागली. मी तिथंच थांबायला हवं होतं, पण मास्तराची जीभ. म्हणालो, "त्याच माणसानं बहिऱ्यांच्या शाळांतून हातांची भाषा काढून टाकायचा आग्रह धरला. तोंडानंच बोला म्हणे."

दुकानदाराचे हात हवेत थांबले आणि मांडीवर गेले.

"हे नाई सांगत मी तिले," तो हळू म्हणाला. "शाळेत तिचे हात बांधून ठेवत होते. बोलनं शिकावं म्हनून."

तिनं लगेच पंजा उघडून झटका दिला. काऊन थांबला? ती सलामी मूळची कोणाची, ते मला तेव्हा कळलं. त्यानं काहीतरी दुसरंच सांगितलं असावं. ती हसली, पण नजर माझ्यावर रोखून.

फोन मी घेतला. लांबचा आवाज घरात आणणाऱ्या माणसाला घरातले हात का खुपावेत, हे मला अजून जुळवता येत नाही. त्याचा राग येतो, आणि फोनवर धूळही बसू देववत नाही.

यंदा दुकानदार गेल्याचं मोबाईलवर कळलं. तिला फोन करून भागणार नव्हतं, म्हणून बसनं गेलो. ती त्याच्या स्टुलावर बसली होती. मला ओळखून तिनं मूठ रिसीव्हरसारखी कानाला लावली. मग दोन्ही हात चालवता चालवता एकदम थांबवले, मांडीवर ठेवले, त्यानं ठेवले होते तसेच. आणि पंजा उघडून मनगटाला झटका दिला.

इतकी वर्षं तिनं तो संशय जपला होता, आणि आता सांगणारा मी एकटाच उरलो होतो. फोन छान आहे, अशी खूण मी केली. तिला ते पटलं नाही. ती माझ्या हातांकडे पाहत राहिली, आणि मी ते खिशात घातले.